पाइप ठेवायचा की काढायचा

गाडीचा नवा एक्झॉस्ट, म्हणजे धूर बाहेर नेणारा पाइप, मी स्वतः निवडला होता. इंजिनातून निघणाऱ्या चार नळ्या एकत्र आणणारा हेडर, मधला थोडा रुंद पाइप आणि मागचा सायलेन्सर. सगळं बोल्टवर बसणारं. कुठं कापायचं नाही, वेल्डिंग करायचं नाही. धूर शुद्ध करणारा कन्व्हर्टर जागेवरच ठेवला होता आणि आवाजही शाळेवरून जाताना लाज वाटू नये इतकाच.

मी तुळजापूरला तंत्रनिकेतनात इंजिनं शिकवतो आणि अणदूरहून रोज जातो-येतो. आमच्या घरात इंजिनाची आकृती वहीत काढणारा मी पहिला. वडिलांनी, म्हणजे आबांनी, मेंढरं राखून मला शिकवलं. आकृतीतलं इंजिन प्रत्यक्षात कसं उघडतात, हे मात्र हायवेवरच्या गॅरेजातल्या मिस्त्रींनी कॉलेजच्या सुट्ट्यांत दाखवलं. या दोघांच्या उपकारांवरच माझी नोकरी उभी आहे. म्हणून पाइप बसवायचं काम मिस्त्रींच्याच गॅरेजात काढलं, आणि तेही रविवारी, खंडोबाच्या वारी.

हेडरच्या बोल्टांना हात पोचावा म्हणून आम्ही एअर फिल्टर काढून बाजूला ठेवला होता. तेवढ्यात आबा देवळातून आले. आमच्याकडं नवी वस्तू भंडाऱ्याशिवाय वापरात येत नाही. त्यांनी येळकोट केला आणि मूठभर भंडारा उघड्या बॉनेटमध्ये उधळला.

"आबा, सीटवर टाका की. इंजिनात कशाला?" मिस्त्री म्हणाले.

"गाडीला इंजिनच वढतंय न्हवं? सीट वढती व्हय?"

आम्ही तिघंही हसलो. मी वरवर फडकं मारलं, फिल्टर बसवला आणि गाडी घरी नेली.

दोन दिवसांतच गाडी अडखळू लागली. तुळजापूरच्या चढावर पाय दाबला की ती दचके द्यायची आणि इंजिनातून खटखट आवाज यायचा. असं चालत राहिलं तर पिस्टन जळणार, हे मला कळत होतं. मिस्त्रींनी एक फेरी मारली आणि निकाल दिला, "मास्तर, पुस्तकातला पाइप पुस्तकातच बरा. कंपनीचा परत बसवू."

"पाइप बरोबर आहे," मी म्हणालो. "इंजिनाच्या कॉम्प्युटरला त्याची ओळख नाही, एवढंच. पुण्याला डायनोवर, म्हणजे ताकद मोजणाऱ्या रोलरवर, ट्यून करून आणतो. कंपनीच्या गाडीपेक्षा ताकद कमी भरली तर तुमच्या हातानं काढा."

"ग्राफ आणून दाखव. तोंडी न्हाय चालायचं."

गाडी जपून, हळू चालवत पुण्याला नेली. आबाही आले. पुढची चाकं रोलरवर घेऊन गाडी चारी बाजूंनी पट्ट्यांनी आवळली, समोर मोठा पंखा लावला. ट्यूनर तिशीच्या आतलाच होता. त्यानं गाडी पळवली तशी ती जागच्या जागी गर्जायला लागली.

"बांधून पळवायलेत की रे!" आबा दोन पावलं मागं सरले. "सुटली म्हंजे?"

पडद्यावर दोन रेघा उमटल्या. एक आमच्या गाडीची, दुसरी याच मॉडेलच्या कंपनीतून आलेल्या गाडीची. आमची रेघ खाली होती, आणि मध्यभागी तिला चांगला खड्डा पडला होता.

"हवेच्या मानानं पेट्रोल कमी पडतंय," ट्यूनर म्हणाला. "हेडर लावला की होतंच. मी मॅपमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरमधल्या तक्त्यात, पेट्रोल वाढवतो. तासाभरात मोकळे व्हाल."

मी आलो होतो ते याचसाठी. पण मला एक गोष्ट खटकत होती. इंजिन चालू ठेवून गाडी नुसती उभी असतानाही कॉम्प्युटर आपणहून भरपूर पेट्रोल वाढवत होता. उभ्या गाडीत हेडर एवढा फरक पाडत नाही. मग आत येणाऱ्या हवेचं मापच चुकत असणार.

"मॅपला हात लावू नका," मी म्हणालो. "आधी हवा मोजणारा सेन्सर काढून बघू."

"सर, मी रोज हेच करतो."

"आणि मी रोज हेच शिकवतो. दोनच स्क्रू आहेत. काढा."

त्यानं जरा नाराजीनंच सेन्सर बाहेर काढला. आतली केसासारखी तार पिवळी धमक झाली होती. त्यानं नाकाजवळ नेली.

"हळद?"

आबा वाकून बघत होते. त्यांचा चेहरा उतरला.

"ती माझी हाय," ते म्हणाले. "म्या टाकली." ट्यूनरला हसू आवरेना, तेव्हा त्यालाच म्हणाले, "हस, लेकरा. देवाला म्हणलो गाडीला सांभाळ, तर म्याच तिचं नाक चोंदवलं."

"आबा, चूक तुमची नाही," मी म्हणालो. "फिल्टर काढला की हवेच्या नळीच्या तोंडाला आधी कापड बांधायचं, हे मी पोरांना पहिल्या तासाला सांगतो. मीच बांधलं नाही." आणि हे अगदी खरं होतं. भंडारा माझ्या डोळ्यांसमोर उधळला गेला, आणि मी बॉनेट पुसून नळी तशीच सोडली.

सेन्सर क्लीनरच्या फवाऱ्यानं धुतला, वाळवला, बसवला. मॅपला हात न लावता गाडी पुन्हा पळवली. खड्डा भरून निघाला आणि रेघ कंपनीच्या रेघेला येऊन भिडली. खरं ट्यूनिंग त्यानंतर सुरू झालं. एकदा पळवायची, आकडे बघायचे, थोडं बदलायचं, इंजिन निवू द्यायचं, पुन्हा पळवायची. आता ट्यूनर प्रत्येक बदल मला दाखवून करत होता. दुपारपर्यंत आमची रेघ सुरुवातीपासून शेवटपर्यंत वर गेली. फार नाही, पण कुठंही खाली नाही. खटखट तर पूर्ण गेली होती.

दुसऱ्या दिवशी आबांना घेऊन गॅरेजात गेलो आणि ग्राफचा कागद मिस्त्रींसमोर ठेवला. त्यांनी ऑइलचा अंगठा प्रत्येक रेघेवरून फिरवला.

"ही कंपनीची?"

"हो."

"वरची तुझी. आन् खालच्या रेघेत ह्यो खड्डा कशाचा?"

"माझा," आबा म्हणाले, आणि सगळी हकिगत त्यांनीच सांगितली, माझ्यापेक्षा जास्त रंगवून.

मिस्त्री बराच वेळ हसले. मग भिंतीला टेकवून ठेवलेला कंपनीचा पाइप त्यांनी उचलला, शिडीवर चढले आणि पत्र्याखालच्या माळ्यावर पार आत सरकवून दिला. खाली उतरून हात पुसत म्हणाले, "चावी दे, मास्तर. नळदुर्गपातुर जाऊन येतो. आबा, बसा पुढं."