बाहेरची कडी

गेल्या महिन्यात एका रविवारी चर्चहून परस्पर मी सावेडीतल्या एका हॉलवर गेलो. मीटिंग साडेदहाची होती. मी दहा वीसला पोचलो. बाकीची मंडळी अकरानंतर एकेक करून आली. फौज नाही, सिव्हिल आहे, चालायचंच.

मीटिंग ट्रेलर मालकांची होती. ट्रेलर म्हणजे कारच्या मागे जोडून ओढायचं छोटं घर. आत दोन पलंग, एक ओटा, बेसिन, पंखा. माझी मुलगी सुनीता आणि जावई प्रकाश यांनी तसा एक घेतला आहे आणि भंडारदऱ्याला पर्यटकांना राहायला देतात. दोघं तिकडं अडकले होते, म्हणून त्यांच्या वतीनं मी. कारखान्याला पुढचं मॉडेल काढायचं होतं आणि त्यासाठी आमच्या सूचना हव्या होत्या. डिझाइनचं काम बघणाऱ्या एक मॅडम फळ्यावर लिहून घेत होत्या.

सूचना बऱ्या होत्या. मिक्सरसाठी ओट्याजवळ प्लग. चपलांना जागा. खिडकीला डासांची जाळी. एका काकूंना देवासाठी कोनाडा हवा होता, तोही पूर्वेला. मॅडम म्हणाल्या, "काकू, ट्रेलर फिरतो, पूर्व कुठली धरायची?" सगळे हसले. मीही हसलो. मग मागून एक गृहस्थ म्हणाले, "ते सगळं राहू द्या हो. दाराला बाहेरून कडी-कोयंडा द्या. त्या हँडलमधल्या कुलपाचं काही खरं नाही. आपलं साधं कुलूप ठोकलं की कसं निवांत." सगळा हॉल हो म्हणाला. मॅडमनी लिहिलं: बाहेरची कडी, सर्वानुमते.

"माझी हरकत आहे," मी म्हणालो.

"का हो काका?" मॅडम म्हणाल्या. "ही मागणी आधीही आली आहे. आम्ही तर जुन्या ट्रेलरांनाही मोफत बसवून देणार आहोत. पुढच्या महिन्यात काम सुरू."

"तोंडी नाही सांगता यायचं. लिहून देतो."

उभा राहिलो होतो, तसाच खाली बसलो. आता लिहितो आहे. सूचनांच्या फॉर्मवर दोन ओळींची जागा होती, त्यात हे मावत नाही.

मी सॅम्युअल साळवे, मूळचा राहात्याकडचा. चोवीस वर्षं ईएमईत होतो, म्हणजे फौजेच्या गाड्या आणि रणगाडे दुरुस्त करणाऱ्या शाखेत. नायब सुभेदार म्हणून पेन्शनीवर आलो. स्वभावानं संशयी आहे, हे लपवत नाही. बायको म्हणते, ह्यांना दूधवाल्यावरच काय, त्याच्या म्हशीवरसुद्धा संशय. फौजेत हा गुण समजला जातो. सामानाचा जबाबदार माणूस संशयी असला की साहेब लोक खूश असतात.

गोष्ट बारा वर्षांपूर्वीची. मी हवालदार होतो. पोस्टिंग नगरलाच होतं, भिंगारजवळ. मे महिन्यात आमची चार जणांची रिपेअर टीम फायरिंग रेंजवर गेली. मी, नाईक बापू खरात, लान्स नाईक महादू गिते आणि एक ड्रायव्हर. बापू आणि महादू दोघंही पाथर्डी तालुक्यातले, एकाच गावचे. दोघांच्या घरांत दोन शेतांचं अंतर. मला दोघंही उस्ताद म्हणायचे.

त्या वेळी आम्हाला एक नवा ट्रेलर वापरून बघायला दिला होता. आत चार बंक, कामाचं टेबल, हत्यारांची कपाटं. खिडकीला गज. एकच दार. महिनाभर वापरायचा आणि काय सुधारणा हव्यात ते लिहून पाठवायचं. याला यूझर ट्रायल म्हणतात.

०५०० वाजता उठणं. ०६०० ला पहिला रणगाडा. १२३० ला जेवण. संध्याकाळी हत्यारांची मोजदाद. पहिल्या आठवड्यात मोजदादीत पान्यांचा एक सेट कमी भरला. दुसऱ्या आठवड्यात मीटर गायब. माझं डोकं फिरलं. मी तिघांच्या पेट्या उघडून बघितल्या. ड्रायव्हरची गादीसुद्धा झटकून घेतली. काही सापडलं नाही, तेव्हा दाराच्या हँडलमधल्या कुलपावर माझा संशय गेला. असल्या कुलपाला कुठलीही किल्ली लागते, असं मी ठरवून टाकलं.

मग मी कडी सुचवली. साधी नाही. माणसं कडी लावायला विसरतात म्हणून मी पडती कडी काढली. चौकटीला एका खिळ्यावर फिरणारी लोखंडी पट्टी. ती वर उभी असायची. दार जोरात लोटलं की हादऱ्यानं खाली पडून कोयंड्यात बसायची. कागदावर चित्र काढून दिलं. वर्कशॉपमध्ये दोन दिवसांत बनवून बसवली. मोठ्या साहेबांनी बघितली आणि म्हणाले, "वेरी गुड, साळवे." त्या दिवशी मी छाती फुगवून फिरलो.

बापूनं कडी दोनदा पाडून बघितली.

"उस्ताद, आत माणूस असला तर?"

"तर तारेनं वर बांधून ठेवायची. हा हूक कशाला दिलाय?"

"तार सुटली तर? आतून उघडायची पण सोय पायजे. सूचनेत लिवा की."

"तुला झोपायची सोय पाहिजे, दुसरं काय!"

तो हसला. मीही हसलो. रिपोर्ट गेला, त्यात त्याची सूचना नव्हती.

त्यानंतर पाच दिवसांनी संध्याकाळी बापू आणि महादूची सुट्टीवरून जुंपली. गावच्या जत्रेला दोघांनाही जायचं होतं. जागा एक. बापूची सुट्टी मंजूर झाली. महादू चिडून म्हणाला, "बघून घेतो तुला." मी ऐकलं. मी असं सगळं ऐकून ठेवणारा माणूस.

दुसऱ्या दिवशी बापू पहाटेपासून एका रणगाड्याखाली होता. १३१५ ला जेवला. मी त्याला म्हणालो, दोन तास पड. तो ट्रेलरमध्ये गेला. मी आणि ड्रायव्हर तीनशे मीटरवर दुसऱ्या रणगाड्याच्या इंजिनावर होतो. महादू पाण्याचे कॅन भरायला गेला होता. वारा गरम आणि जोरात होता.

१४४० ला ड्रायव्हरनं धूर दाखवला. मी वायरलेस सेट उचलला.

"कंट्रोल, रिपेअर टू. ट्रेलरला आग. एक माणूस आत. फायर टेंडर, ॲम्ब्युलन्स. ओव्हर."

"रिपेअर टू, कंट्रोल. रवाना. आउट."

धावत पोचायला मला दोन मिनिटांच्या आसपास लागली असतील. पंख्याच्या वायरची ठिणगी खालच्या डिझेल पुसायच्या चिंध्यांवर पडली होती, हे नंतर कळलं. मी पोचलो तेव्हा दार सताड उघडं होतं. बापू बाहेर जमिनीवर होता आणि महादू त्याच्या उशाशी गुडघ्यावर. बापूचा श्वास थांबला होता. आम्ही छाती दाबत राहिलो. १५०५ ला ॲम्ब्युलन्स आली. १५३० ला हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी मान हलवली. बत्तीस वर्षांचा होता.

"कडी पडल्याली होती, उस्ताद," महादू म्हणाला. "मी उघडली."

त्याच्या उजव्या तळहातावर कडीचा आडवा लाल वळ उठला होता, कातडी सोलून. तार खाली मातीत पडली होती. मी तो हात बघितला आणि माझ्या डोक्यात काय आलं? आलं ते असं: ह्याचा हात कडीवर होता. तार आपोआप सुटत नाही. आणि काल हा म्हणाला होता, बघून घेतो. तापलेली लोखंडी पट्टी पकडून ज्यानं माणूस बाहेर ओढला, त्याच्याच हातावरून मी त्याला गुन्हेगार ठरवलं. धिक्कार असो माझा!

"तू इथं काय करत होतास?" मी विचारलं.

"पानी घेऊन येत होतो, उस्ताद. त्यो आतून दार ठोकत होता." तो माझ्याकडं बघत राहिला. मी काय विचारतोय ते त्याला कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी १११५ वाजता गावात अंत्यविधी झाला. युनिटतर्फे मी गेलो होतो. महादू हॉस्पिटलमध्ये होता, हाताला पट्टी बांधून. बापूच्या थोरल्या भावानं मला बाजूला घेऊन विचारलं, "साहेब, दार व्हतं ना? मग भाईर का न्हाई आला?"

मी म्हणालो, "कडी बाहेरून लागली होती. आदल्या दिवशी महादूशी त्याचं वाजलं होतं."

दोन वाक्यं. दोन्ही खरी. कडी कुणाची ते मी बोललो नाही.

चौथ्या दिवशी कोर्ट ऑफ इन्क्वायरी, म्हणजे फौजेतली चौकशी, बसली. एक कॅप्टन साहेब होते, तरुण, कमी बोलणारे. मी जबानीत सुट्टीचं भांडण सांगितलं, तार सांगितली, हात सांगितला. त्यांनी सगळं लिहून घेतलं. मग आम्हाला जळक्या ट्रेलरपाशी नेलं; दार आणि चौकट शाबूत होती. कडी उभी केली, माझ्याच सांगण्याप्रमाणे तारेनं हुकाला बांधली आणि वाऱ्यानं आपटावं तसं दार जोरात आपटलं. काही झालं नाही. पुन्हा आपटलं. तार थोडी सरकली. तिसऱ्यांदा तार हुकावरून निसटली आणि कडी खट्कन कोयंड्यात बसली.

कॅप्टन साहेबांनी ती हातानं ओढून बघितली.

"साळवे, ये किसका आयडिया था?"

"मेरा, सर."

"और कुछ कहना है?"

"नहीं, सर."

महादू मोकळा झाला. अपघात म्हणून निकाल लागला, मला ताकीद मिळाली. पान्यांचा सेट आणि मीटरही मिळाले. शेजारच्या टीमनं नेले होते, रजिस्टरमध्ये रीतसर सही करून. मी पेट्या उघडल्या, गादी झटकली, पण रजिस्टर उघडलं नव्हतं.

तेव्हा मंडळी, कडीबद्दल माझं म्हणणं हे असं आहे. चोराची भीती मला तुमच्यापेक्षा जास्त होती. बाहेरून बंद होणारं आणि आतून न उघडणारं दार करू नका. आत तुमची नातवंडं झोपणार आहेत. प्रकाशच्या ट्रेलरला कडी बसवायला आलात तर मी दारात आडवा पडेन, मॅडम, आधीच सांगून ठेवतो.

कागद इथं संपायला हवा होता. पण इथवर लिहिलं आणि हात थांबला. फौजेत महादू मोकळा झाला, गावात झाला नव्हता. माझी ती दोन वाक्यं गावात फिरत राहिली. खरातांच्या घरानं गित्यांशी बोलणं टाकलं. लग्नाकार्याला बोलावणं नाही, बांधावर रामराम नाही. महादू पेन्शनीवर आला तरी तसंच. हे मला माहीत होतं. दर वर्षी बापूच्या पुण्यतिथीला मी त्या घरी जायचो. बापूची बायको कौसल्याबाई पहिलं ताट मला वाढायची, आणि मी जेवायचो. एकदाही माझ्या तोंडून निघालं नाही. भीती वाटायची. हे गावाबाहेर कुणी वाचायच्या आधी त्या घरात सांगायला हवं होतं.

सोमवारी मी महादूला फोन केला. "उद्या नऊ वाजता बापूच्या घरी ये."

"त्या घरात मी येत न्हाई, उस्ताद."

"ऑर्डर समज."

"तुमी रिटायर झालाय," तो म्हणाला. पण आला. आठ पंचावन्नला अंगणाच्या कडेला उभा होता. घराकडं पाठ करून.

कौसल्याबाई ओसरीवर बाजरी पाखडत होती. मला बघून उठली, मग महादूला बघितलं आणि तिचं तोंड घट्ट झालं. मी बसलो नाही. उभ्यानं सगळं सांगितलं. कडी माझी. तार बांधायला मीच सांगितलं. बापूची सूचना मी लिहिली नाही. तुमच्या दिरांना जे बोललो, ते मी अर्धं बोललो. तीन-चार मिनिटांत संपलं. इतकंच होतं.

सूप तिच्या हातात तसंच राहिलं.

"मग ह्यांना भाईर कुनी काढलं?"

"महादूनं."

"आन् तुमी?"

"मी नंतर पोचलो."

तिनं एकदा महादूकडं बघितलं. मग म्हणाली, "बारा वर्सं तुमी हितं बसून जेवलात, साळवेभाऊ."

तिनं सूप खाली ठेवलं, पदरानं तोंड पुसलं आणि अंगणाकडं वळली.

"म्हादूभावजी, तिकडं काय हुबं ऱ्हायलाय. हात धुवा. भाकरी टाकते."

महादूनं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. तो वाकून दारातून आत गेला.

मला तिनं बोलावलं नाही. बोलवायला नकोच होतं.

नाईक बापू खरात लढाईत गेला नाही, म्हणून त्याच्या नावाचा चौक नाही. घरासमोर सिमेंटचा एक हातभर चौथरा आहे. त्यावर नंबर, रँक आणि नाव आहे. मी त्याच्यापुढं सावधान उभा राहिलो आणि सॅल्यूट केला. घरातून भाकरी थापल्याचा आवाज येत होता. मग तो थांबला आणि कौसल्याबाई विचारताना ऐकू आली, "शेवटाला ते काय बोलले का हो?" बापूचं शेवटचं बोलणं ऐकलेला एकच माणूस होता आणि त्याला हे कुणी कधी विचारलंच नव्हतं. महादू हळू आवाजात सांगायला लागला. मला ऐकू येणार होतं, पण ते माझ्यासाठी नव्हतं. मी फाट्याकडं चालायला लागलो.