डाळ मिलच्या भिंतीवरचा बांगड्यांचा रॅक

रमजानच्या दुसऱ्या आठवड्यात, मंगळवारी सकाळी, मेहकरमधल्या एका बांगड्यांच्या दुकानात भिंतीवरचा रॅक पडला. ईदसाठी आणलेला काचेचा माल फुटला. त्या भिंतीच्या पलीकडे डाळ मिल आहे. रॅक पडला तेव्हा मिलची नवी, मोटारीवर हलणारी चाळणी बंद केली जात होती.

यंत्रांची कंपनं मोजणं हे माझं काम. मिलमालक सुरेश शेठ यांनी बोलावल्यावरून बुधवारी मी अकोल्याहून तिथे पोहोचलो. शेठ एका जागी उभे राहत नव्हते. तुरीचा हंगाम होता, आवारात गाड्या खोळंबल्या होत्या, मिल थांबवायची त्यांची तयारी नव्हती. दुकानदार रफिकभाई यांनी शुक्रवारपर्यंत मुदत दिली होती. त्यानंतर ते नगरपालिकेत तक्रार देणार होते. त्यांचा मोठा धंदा ईदच्या आधीच्या दिवसांतच होतो. फुटल्यावर उरलेला माल खोक्यांत पडून होता, आणि खोक्यातली बांगडी गिऱ्हाइकाला दिसत नाही.

शेठनी विषय थट्टेवर नेऊन पाहिला. "रफिकभाई, आता लोखंडाच्या बांगड्या ठेवा."

"त्या पोलीस ठाण्यात भेटतात, शेठ. मागवू का तुमच्यासाठी?"

शेठ फोनवर बोलू लागले.

मी दुकानाच्या भिंतीवर सेन्सर लावला. भिंत किती हलते आणि सेकंदाला किती वेळा हलते, ते या सेन्सरवरून कळतं. भिंत नेमकी चाळणीच्या तालावर हलत होती. हे व्हायला नको होतं. चाळणी चार स्प्रिंगांवर बसवलेली असते, ती याचसाठी, की हलायचं ते तिनेच हलावं, इमारतीने नाही.

कारण मिलमध्ये दिसलं. चाळणीच्या चौकटीपासून भिंतीपर्यंत दोन लोखंडी अँगल वेल्ड केलेले होते. काम मिलचे फिटर गजानन मिस्त्री यांचं.

"हे काऊन लावलं, मिस्त्री?"

"बंद करताना लय उड्या मारते साहेब. एक बार त स्प्रिंगवरून खाली उतरली. म्हणून बांधली."

"मग थांबली?"

"हाव. मशीन थांबली."

"अन् भिंत सुरू झाली."

मिस्त्रींनी यावर मान हलवली, पण अँगल कापायला ते राजी नव्हते. त्यांची भीती खोटी नव्हती. स्प्रिंगवरच्या प्रत्येक वस्तूची डोलण्याची स्वतःची लय असते, झोक्याची असते तशी. त्या लयीत धक्के मिळाले की हलक्या हातानेही झोका उंच जातो. याला रेझोनन्स म्हणतात. चाळणी पूर्ण वेगात असते तेव्हा या लयीच्या बरीच पुढे असते. बंद करताना वेग उतरत जातो, वाटेत ती लय लागते आणि चाळणी उसळते.

अशा उसळीवरचा उपाय डॅम्पिंग. मोटारसायकलच्या शॉकअ‍ॅब्सॉर्बरमध्ये स्प्रिंगबरोबर तेलही असतं. स्प्रिंग खड्डा झेलते, तेल तिची उसळी जिरवतं. हालचालीची ताकद तेलात उष्णता होऊन संपते. तेल गळालं की गाडी खड्डा ओलांडल्यावरही डुलत राहते. या चाळणीला स्प्रिंग होत्या, पण उसळी जिरवणारं काहीच नव्हतं.

शेठ म्हणाले, अँगल आत्ताच कापा आणि मिल चालू ठेवा.

"कापले त मशीन पडन," मिस्त्री म्हणाले. "मी नाही उभा राहत तिथं."

मी मिस्त्रींच्या बाजूने बोललो. अँगल ठेवले तर भिंत जाते, काढले तर चाळणी. उसळी जिरवणारे डॅम्पर बसेपर्यंत दोन्हीवर एकच तोडगा होता, चाळणी चालवायची नाही. शेठ आवारात दोन फेऱ्या मारून आले आणि त्यांनी गाडीवाल्यांना दुसऱ्या मिलचा रस्ता दाखवला. पूर्ण गुरुवार शेठ फाटकाशी उभे होते.

मी मागवलेले डॅम्पर शुक्रवारी सकाळी अकोल्याहून एसटीच्या पार्सलने आले. घर्षणावर चालणारे होते. दांडी हलली की आतल्या पट्ट्या तिला घासून आवरतात. चाळणीच्या चारही कोपऱ्यांना ते बसवले आणि मग मिस्त्रींनी स्वतः अँगल कापले.

चाचणीसाठी रफिकभाईंनी आपलं माप आणलं. दुकानाच्या बाजूने भिंतीत एक खिळा ठोकून त्यावर दोरीत ओवलेल्या हिरव्या बांगड्यांचा तोडा टांगला आणि ते समोर स्टुलावर बसले. चाळणी सुरू झाली. बांगड्या गप्प होत्या. सगळ्यांचं लक्ष बंद करण्याकडे होतं. मिस्त्रींनी बटण दाबलं आणि ते चार पावलं मागे सरले. वेग उतरला, चाळणी एकदा डोलली आणि बसली. दुकानात एकदाच किणकिण झाली.

"रिकामी होती," रफिकभाई म्हणाले. "तूर टाकून दाखवा."

तूर टाकली. पुन्हा सुरू केली, पुन्हा बंद केली. किणकिण एकदाच झाली.

संध्याकाळपर्यंत त्यांनी हे अनेकदा करायला लावलं. शेठनी प्रत्येक वेळी चिडचिड केली आणि प्रत्येक वेळी चाळणी सुरू करायला सांगितलं. रोजा सोडायची वेळ झाली तेव्हा रफिकभाई स्टुलावरून उठले. नगरपालिकेचा विषय त्यांनी काढला नाही.

शनिवारी दुपारी त्यांनी रॅक त्याच भिंतीला पुन्हा ठोकला. पलीकडे चाळणी चालू होती.