साठ व्होल्टची हद्द
देवणीच्या बसस्टँडमागे जळक्या पाणीमोटारींची वायंडिंग भरून देणारा मुज्तबा चूक कबूल करणाऱ्यांतला नव्हता. वडिलांकडून, खाजामियाँकडून, तो मोटारी भरायला शिकला, पुढे शेतातले सोलरपंप जोडू लागला. तीस वर्षांत कुणा गिऱ्हाइकानं शंका काढली की मीटरचा आकडा त्याच्या नाकासमोर धरायचा. "कागद काय बी म्हणू द्या. मीटर म्हणतंय ते खरं." तिथं वाद मिटायचा.

काल दुपारीही तो असाच मिटला. अकरा किलोमीटरवरच्या एका वस्तीत डीपी जळून वीज गेल्याला चार दिवस झाले होते. तिथल्या दानम्माला चोवीस तास ऑक्सिजन लागतो. रात्र सिलिंडरवर आणि दिवस ऑक्सिजनच्या यंत्रावर, तेही लेकीनं, विशाखानं, लातूरहून आणलेल्या बॅटरीच्या खोक्यावर, असं चाललं होतं. खोकं रोज देवणीला नेऊन चार्ज करता करता ती बाई मेटाकुटीला आली होती. मुज्तबानं दुकानातले सोलरचे तीन जुने पॅनल नेले, पत्र्यावर टाकले आणि पंपाला लावतात तसे एकामागे एक माळेत जोडले. खोक्यावर लिहिलं होतं, साठ व्होल्टच्या वर देऊ नका.

विशाखा शाळेत शिकवते, तिला बेरीज येते. "चाचा, पॅनलवर वीस-वीस लिहिलंय. तीन म्हणजे बरोबर साठ. अगदी काठावर नाही का?"

मुज्तबानं मीटर लावला. सत्तावन्न. "बघ. लई जागा हाय. आज ऊन उतरत आलं, आता खोकं बंद करून ठेव. सकाळी पत्र्यावर ऊन पडलं की ही पिन खोच, बस."

आज पहाटे नमाजाआधी वजू करताना पाणी हातांना झोंबलं. थंडी कडाक्याची होती. अशा सकाळी सोलरपंप सुरूच होत नाहीत, पेटीवर लाल दिवा लागतो आणि शेतकरी तासभर ऊन खाऊ देतात, हे त्याला कधीचं ठाऊक होतं. पॅनल गार असला की व्होल्टेज चढतं, पंपाची पेटी ते ओळखून गप्प बसते. काल मीटर लावला तेव्हा पत्रा तापून हात लावू देत नव्हता. पंपाची पेटी गप्प बसते. त्या खोक्याचं काय?

त्यानं विशाखाला फोन लावला. बंद. खोक्यातलं थेंबभरसुद्धा फोनवर घालवायचं नाही असं तीच म्हणाली होती. खोक्यात अकरा टक्के वीज उरली होती, रात्रीचा सिलिंडर सकाळी संपणार होता आणि उदगीरहून दुसरा यायचा तो संध्याकाळी. खोकं जळालं तर मधला दिवस म्हातारीनं कशावर काढायचा?

नमाज राहिली. स्वेटरही न घालता त्यानं गाडीला किक मारली. पूर्वेकडे तांबडं फुटलं होतं. उसाच्या ट्रॅक्टरनं वाट अडवली, तेव्हा त्यानं गाडी खुशाल ढेकळांतून घातली आणि त्या ड्रायव्हरच्या शिव्याही खाल्ल्या. विशाखानं आज तरी उशीर करावा, एवढंच तो मागत होता. पण शिस्तीची मास्तरीण ती, तिच्याकडून उशिराची आशा कसली? वस्तीची पहिली घरं दिसली तेव्हा पत्र्यांवर ऊन उतरलं होतं.

ओसरीत विशाखा पिन हातात घेऊन खोक्यापुढे वाकली होती.

"थांब! लावू नको!"

तो एवढ्या जोरात ओरडला की आत खाटेवर दानम्मा दचकली. विशाखाच्या हातातून पिन सुटली. मुज्तबानं ती उचलली, मीटरला टेकवली. बासष्ट आणि वर.

"काय झालं चाचा?"

तपासायला आलो, असं म्हणता आलं असतं. ते ओठांवर आलंही होतं. सिलिंडरचा काटा लाल रेघेला टेकला होता. तो शिडीवर चढला, एक पॅनल माळेतून काढला, उतरून पुन्हा मोजलं. एक्केचाळीस. मग त्यानं स्वतः पिन खोचली. खोक्यावर आकडा उमटला, यंत्राचा भाता हलू लागला. विशाखानं आईच्या नाकाची नळी त्यावर जोडली.

"काल मी चुकलो, पोरी," तो म्हणाला. "तू इचारलंस ते बरोबर होतं. ही पिन लागली असती तर खोकं गेलं असतं. लई लाज वाटायली मला."

विशाखा रागावली नाही. रागावली असती तर त्याला सोसलं असतं.

"चार रात्री सिलिंडरच्या काट्याकडं बघत जागी होते मी," ती हळूच म्हणाली. "काल तुम्ही म्हणालात, लई जागा हाय. म्हणून झोपले."

मुज्तबाला मान वर करता येईना. दोन पॅनलांवर यंत्र जेमतेम चालत होतं. तो आकड्यावर नजर ठेवून पायरीवर बसला, आणि उदगीरचा सिलिंडर येईपर्यंत तिथून उठला नाही.