फॉर्म मुरू द्या!

दरवर्षी ठरवते, यंदा नुसतं काम करायचं, किस्से नाहीत. पण बारावीचा निकाल लागतो, आमच्या वस्तीतल्या विहाराच्या हॉलमध्ये दोन टेबलं, एक लॅपटॉप आणि खडखडणारा कूलर लागतो, प्रवेशाचं मोफत मार्गदर्शन सुरू होतं आणि आठवडाभरात फॉर्म कमी अन् किस्सेच जास्त जमतात!

मी कॉलेजात केमिस्ट्री शिकवते, म्हणून इथे मला सगळे ‘मॅडम’ म्हणतात. खरा कारभार मेश्राम सरांचा. गणिताचे रिटायर्ड मास्तर. ‘सरकारी कॉलेजात नंबर लागेल का?’ या प्रश्नाला त्यांची तीनच उत्तरं आहेत: ‘पक्कं’, ‘पाहू’ आणि ‘इसरा’, म्हणजे विसरा. चौथं उत्तर मी आजवर ऐकलेलं नाही.

*

काटोलचे एक संत्र्याचे व्यापारी पोराला घेऊन आले. पोराचे मार्क मागच्या वर्षीच्या कटऑफपेक्षा बरेच कमी. सर म्हणाले, “इसरा.”

“सर, आखरी बोला.”

“हे आखरीच आहे.”

“काटोलवरून आलो ना सर, थोडं तर तोडा!”

सरांनी समजावलं की कटऑफ आम्ही ठरवत नाही. “मंग जो ठरवते त्याचा नंबर द्या, मी बोलतो!” शेवटी सरांनी दुसरं एक सरकारी कॉलेज काढून दाखवलं आणि ‘पक्कं’ म्हणाले. गडी खूश! जाताना पोराला सांगत होता, “भाव तुटला नाही गा, पण माल चांगला काढून देला!”

*

खाप्याची श्वेता गजभिये आली ती वडिलांबरोबर. वडील कचेरीत कारकून, कडक इस्त्रीचा शर्ट, बोलणं त्याहून कडक. पोरीला सरकारी कॉलेजात सिव्हिल हवं होतं. वडिलांना कॉम्प्युटर हवं होतं, मग कॉलेज खाजगी असलं तरी चालेल.

“काहून, सिव्हिलमध्ये काय वाईट?” सरांनी विचारलं.

“सर, पोरीची जात! नागपूरच्या उन्हात साईटवर उभी राहीन काय? कॉम्प्युटरवाल्याईले एसी राहते.”

श्वेता नुसती कूलरकडे बघत बसली. मला तिचा जीव तुटताना दिसत होता.

सर म्हणाले, सिव्हिल ‘पाहू’, कॉम्प्युटर ‘पक्कं’. वडिलांनी कॉम्प्युटर पहिल्या नंबरवर टाकायला लावलं आणि सिव्हिल दुसऱ्यावर. इथेच सगळी गोम आहे! पहिल्या नंबरवर जे टाकलं ते मिळालं, की ते घ्यावंच लागतं, मागे फिरता येत नाही. म्हणजे कॉम्प्युटर पक्कं, तर सिव्हिल गेलंच समजा.

पण आमच्या हॉलचा एक रिवाज आहे. कोणीही, कितीही घाईत असो, पहिल्या दिवशी फॉर्म कन्फर्म करायचा नाही. सरांचं म्हणणं, “लोणचं अन् फॉर्म मुरू द्यावा. घरी जा, जेवा, उद्या या.”

“उद्या बी हेच राहीन,” गजभिये म्हणाले.

“राहू द्या ना. मुरू तर द्या!”

*

त्याच दुपारी बेशाचं एक कुटुंब आलं. सरांनी मुलाला विचारलं, “तुले काय आवडते गा?”

वडील म्हणाले, “त्याला इंजिनिअरिंग आवडतं.”

सरांनी पुन्हा मुलाकडे बघून विचारलं. आई म्हणाली, “लहानपणापासून आवडतं!”

मग सर वडिलांकडे वळले. “बरं, तुम्हाला काय आवडते?”

आता मुलगा बोलला. “इंजिनिअरिंगच. पण तेव्हा त्यांचा नंबर नव्हता लागला.”

सरांनी कोरा कागद वडिलांपुढे सरकवला. “घ्या, तुमचाच फॉर्म भरून टाकू!”

*

आणि मामा! प्रत्येक घराला एक पुण्याचा मामा असतोच आणि तो नेमका फॉर्म भरताना स्पीकरवर येतो. एका पोराचा मामा तासभर बोलला. मेकॅनिकल संपलं, इलेक्ट्रिकल संपत आलं, सरकारी कॉलेजात आता राम नाही, वगैरे. सरांनी सगळं शांतपणे ऐकलं.

“मामा, तुम्ही स्वतः कोणत्या ब्रँचचे?”

“मी? माझी इथं मेस आहे ना!”

“अरे वा! मंग हे सांगा, डब्बा कसा असते? पोरगा पुण्यालेच येऊन राहिला!”

मामाने फोन ठेवला. पोराने सरकारी मेकॅनिकल पहिल्या नंबरवर टाकलं.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी हॉल उघडतोय तोच पायरीवर गजभिये. एकटेच. शर्टाची इस्त्री मोडलेली, कोपरापर्यंत सिमेंट!

“मॅडम, नंबर बदलवता येते काय? सिव्हिल वर घ्या.”

मी चाटच पडले. सर मात्र हसत होते. “मुरलं वाटते?”

“काय सांगू सर! वरच्या मजल्याच्या भिंतीची जुडाई सुरू आहे आमच्या. काल घरी गेलो, तर पोरगी सीधी वर. मिस्त्रीले म्हणे, काका, भिंत वाकडी चढून राहिली. तो म्हणे, बाई, मी वीस वर्षं झाले भिंती बांधून राहिलो. हिनं दोरीचा ओळंबा वरून सोडून दाखवला. वाकडी म्हणजे वाकडीच! मिस्त्रीले आला राग, थापी टाकून गेला निघून.”

“मग?”

“मंग काय? आता तिलेच इंजिनिअर करा. घर कोण पुरं करन?”

सिव्हिल वर आलं, कॉम्प्युटर खाली गेलं. पोरीला फोन लावून मी तिच्याकडून होकार घेतला आणि मगच बटण दाबलं. सर काही केल्या ‘पक्कं’ म्हणेनात. ‘पाहू’वरच अडून बसले.

यादी लागली त्या दुपारी पावसाने दडी मारली होती आणि ऊन अंगाला चावत होतं. श्वेताचं नाव सरकारी कॉलेजात होतं. सिव्हिल! मला इतका आनंद झाला, की सरांना सांगायच्या आधीच मी खाप्याला फोन लावला.

“गजभिये भाऊ, आनंदाची बातमी आहे! श्वेता कुठे आहे?”

“छतावर.”

“एवढ्या उन्हात?”

“हो ना. मी बी इथंच आहो. मॅडम, दोन मिनिटांनी लावा फोन. हातात ओळंबा आहे, हलला तर पोरगी रागावते!”