ऊस तुटेपर्यंत अंगण बंद

दुसऱ्यांच्या घरी पाहुणे आले की सोयरिकी निघतात, दुखणी निघतात. आमच्या वस्तीवर चहाला आधण यायच्या आत जनावरं निघतात! आधी वानर, मग साप, आणि शेवटी तो. 'तो' म्हटलं की कोण, हे कुणी विचारत नाही. राहुरीच्या बाजूला कुठल्याही वस्तीवर जाऊन बसा, पायलीभर किस्से ऐकायला मिळतील. सांगताना हसू येतं. सांगून झालं की सगळ्या बाया मागं वळून आपापलं पोर कुठं आहे ते बघतात.

आमची वस्ती म्हणजे दोन घरं. एक आमचं आणि एक चुलत सासऱ्यांचं. त्यांना सगळे तात्या म्हणतात. चारी बाजूंनी ऊस. माझं माहेर माळावरचं, तिथं कोसावरून येणारी गायसुद्धा दिसायची. इथं अंगण संपलं की हातभर पुढचं दिसत नाही. आणि माझी परी तीन वर्षांची. तिला अंगणात पळायचं असतं, मला तिला ओट्याखाली उतरू द्यायचं नसतं. सकाळी उठल्यापासून आमच्या दोघींचं हेच चालू!

*

वानरांनी एकदा फार उच्छाद मांडला. पत्र्यावर धिंगाणा घालायचे, वाळवण पळवायचे. एकानं तर आत्यांच्या, म्हणजे माझ्या सासूच्या, हातातून भाकरी नेली आणि समोरच्या लिंबावर बसून त्यांच्याकडं बघत बघत खाल्ली.

तात्यांना कुणीतरी सांगितलं, वानर वाघाला भितं. तात्या बाजारातून कापसाचा भलामोठा खेळण्यातला वाघ घेऊन आले आणि पत्र्यावर नेऊन बसवला. वानरं खरंच गायब झाली!

पण संध्याकाळी रस्त्यानं जाणाऱ्या एका पोरानं मोबाईलवर व्हिडिओ काढला आणि ग्रुपवर टाकला, 'वस्तीवर घराच्या पत्र्यावर बिबट्या!' झालं. काठ्या, कुऱ्हाडी, फटाके घेऊन सगळं गाव दारात! तात्या ओरडताहेत, "आरं खोटा हाय, खोटा हाय!" आणि कुणी ऐकेना. शेवटी तात्या स्वतः शिडी लावून वर चढले आणि वाघाचा कान धरून त्याला खाली आणलं, तेव्हा कुठं लोक घरी गेले.

दुसऱ्या दिवशी वानरं परत आली. सगळ्यात मोठं वानर जिथं वाघ बसवला होता तिथंच येऊन बसलं.

वाघ परीनं घेतला. मांडीवर घेऊन भरवायची, पापे घ्यायची. सगळे हसले. मी मात्र तो वाघ चुलीत घातला. उद्या खरा समोर आला तर ही त्याच्या गळ्यात पडेल, एवढंच माझ्या डोळ्यापुढं येत होतं.

*

सापाचं वेगळंच. सरपणात नाग निघाला तर आम्ही मारत नाही, सर्पमित्राला फोन करतो. गावातला एक पोरगा येतो, धरतो, बरणीत घालतो, एक फोटो काढतो आणि जातो.

मागच्या वेळी आत्यांनी त्याला विचारलं, "कुठं सोडतो रं बाबा?"

"लांब सोडतो, आजी."

"लांब म्हंजी?"

"कालव्याच्या चारीच्या पलीकडं. तिकडच्या वस्तीच्या मागं."

आत्यांची बहीण तिकडच्याच वस्तीवर राहते. आत्यांनी लगेच फोन लावला. बहीण म्हणाली, "काळजी नको करू. आमच्याकडं पन एक पोरगा हाय. निघाला की धरतो आन तुमच्याकडं आनून सोडतो!"

म्हणजे साप तेच, फक्त आता त्यांचं येणं-जाणं मोटारसायकलवर!

*

मोती हा आमचा कुत्रा. शेजारच्या शिवारातली दोन कुत्री बिबट्यानं नेल्यावर आमच्या ह्यांनी मोतीसाठी वेल्डिंगवाल्याकडून खिळ्यांचा पट्टा करून आणला. चांगले बोटभर खिळे, टोकं बाहेर. त्याची मान धरता येऊ नये म्हणून.

पट्टा घातल्यावर मोतीला नीट झोपता येईना, मान खाजवता येईना. कुठं वास आला की तो घरात शिरायचा आणि पलंगाखाली जाऊन थरथरत बसायचा. मग आम्ही त्याच्याजवळ बॅटरी घेऊन बसायचो. तात्या म्हणाले, "राखनीला कुत्रं ठिवलं आन तुमीच कुत्रं राखाया लागले की!"

एक दिवस भरदुपारी मोती गोठ्यामागं गेला आणि परत आला नाही. पट्टा उसाच्या सरीत सापडला. खिळे वाकलेसुद्धा नव्हते.

परी विचारू लागली, मोती कुठंय? मी म्हणाले, मामाच्या गावाला गेला. थोड्या वेळानं बघते तर तिनं तिचा फ्रॉक, मोतीची वाटी आणि एक बिस्किटाचा पुडा पिशवीत भरला होता आणि ओट्याच्या पायरीवर उभी होती.

"आई, मी पण मामाच्या गावाला चालले. दार उघड."

*

मग वनखात्याची माणसं माहिती सांगायला आली. मारुतीच्या देवळापुढं सतरंजी टाकली, माईक लावला. एक तरुण साहेब फार चांगलं बोलले. बिबट्या दिसला तर पळू नका. उभे राहा, हात वर करा, मोठ्यानं ओरडा. वाकू नका, खाली बसू नका. खाली बसलेलं माणूस त्याला लहान जनावर वाटतं.

आत्या उभ्या राहिल्या. "साहेब, मंग खुरपायचं कसं? उभ्यानं?"

सगळे हसले. साहेबही हसले. माणूस चांगला होता, चिडला नाही.

मला चारचौघांत बोलायची सवय नाही. सातवीनंतर शाळेत उभं राहून काही विचारलंच नाही. पण परी मांडीवर होती, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "आणि साहेब, लेकरांनी मोठं दिसायचं कसं?"

ह्याला कुणी हसलं नाही. साहेबांनी माईक दुसऱ्या हातात घेतला आणि म्हणाले, "ताई, लेकरांना एकटं सोडू नका."

घरी येताना आत्या म्हणाल्या, "इतकं तर मलाबी ठावं हुतं. त्याला माईक कशाला पायजे?"

*

ऊस तोडायला पाथर्डीकडची टोळी आली तेव्हा मला वाटलं, सुटलो! ऊस गेला की तोही जाईल. मी परीला सांगूनसुद्धा टाकलं, आता अंगणात खेळायचं.

तात्या म्हणाले, "आगं, ऊस हे त्याचं घर. घर मोडल्यावं मानूस कुठं जातं? शेजारी!"

टोळीच्या कोप्या आमच्या गोठ्यामागच्या पडीक तुकड्यात पडल्या. वर ताडपत्री, बाजूला पाचट, आणि दाराच्या जागी जुनी साडी. त्यातली मीरा माझ्याच वयाची. तिची गौरी परीएवढी. मीरा पाणी न्यायला आमच्या हौदावर यायची, त्यामुळं बोलणं व्हायचं. गौरीला ती फडात बांधावर बसवायची. पोरीच्या कमरेला दोरी, दोरीचं दुसरं टोक स्वतःच्या कमरेला. ऊस तोडता तोडता मधूनच दोरी ओढून बघायची. पलीकडून ओढ आली की पुढचा ऊस.

तोडलेल्या फडात त्याचे ठसे निघाले, आणि वनखात्यानं पिंजरा आणून बांधावर ठेवला. मागच्या कप्प्यात शेळी, मधे जाळी, पुढचं लोखंडी दार वर अडकवलेलं. त्याचा पाय आत पडला की दार धाडकन खाली. मग ते बाहेरून उचलायलाही दोन माणसं लागतात. तो काही आला नाही. शेळी मात्र पाला खाऊन खाऊन गुबगुबीत झाली.

त्या दिवशी आत्या डोळे दाखवायला नगरला गेल्या होत्या. हे ट्रॅक्टरवर होते. मी जनावरांना वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, आणायला फडात गेले होते. पिंजऱ्यावर लक्ष ठेवायला येणारा वनखात्याचा माणूस मोटारसायकलवर आला आणि त्याला लांबूनच दिसलं, दार पडलेलं आहे.

"सापडला! सापडला!" तो तिथूनच ओरडायला लागला.

टोळी कोयते टाकून धावली. रस्त्यावरचे लोक गाड्या सोडून धावले. तात्या काठी टेकत धावले. मी वाढ्यांचा भारा टाकला आणि सगळ्यांच्या पुढं पळाले.

पिंजऱ्यात गौरी होती. दाराचे गज धरून उभी, एवढी माणसं बघून बावरलेली.

"कुणाची पोरगी आहे ही?" वनखात्याच्या माणसानं विचारलं.

मीरा घामानं भिजलेली, पुढं आली. "माझी."

"अहो बाई, आत कशी गेली ही? हा काय खेळ आहे का? बिबट्यासाठीचा पिंजरा आहे हा!"

"व्हय. म्हनूनच ठिवलीय. आमच्या कोपीला दार न्हाई. ह्याला हाय."

माणूस कपाळाला हात लावून म्हणाला, "काढा, आधी बाहेर काढा तिला! असं दार पाडून ठेवलं तर तो सापडायचा कसा?"

मीरा म्हणाली, "साहेब, तुमाला तो पायजे. मला ही पायजे."

शेळी आतून ओरडली. तात्यांना आता कमी दिसतं. ते अगदी जवळ गेले, गजांना नाक लावून आत बघत राहिले.

"आन ती कोपऱ्यात बसून जाळीतून शेळीला पाला चारतीय, ती कुनाची?"

मी पदर सावरला आणि दार उचलायला मीराच्या शेजारी जाऊन उभी राहिले.

"ती माझी, तात्या."