रोशनीने रॅकेट ठेवली

रोशनी डहाणू तालुक्यातल्या गंजाडची. तिची आई, लाडकी, सरावलीच्या एका चिकूवाडीत मजुरीला यायची. चिकू निवडून पेट्या भरायची. त्या वाडीत शेठच्या वडिलांनी हौसेने केलेलं टेनिसचं मातीचं मैदान होतं. मी शाळेत खेळ शिकवायचे. २०१४ साली शेठला विनवून मी पाच-सहा मुलींना तिथे न्यायला लागले. त्यांत बारा वर्षांची, डावखुरी रोशनी होती. महिन्याभरात तिचा फटका मलाच परतवता येईना.

"एवढं कसं गं जमतं तुला?" मी विचारलं.

"समोरचीचे पाय बघते, बाई. कुठं पळणार ते आधीच कळतं."

दोन वर्षांत ती जिल्ह्यात पहिली आली. २०१७ला, पंधराव्या वर्षी, सतरा वर्षांखालच्या मुलींत राज्यात पहिली. अंतिम सामन्यात समोर पुण्याची मुलगी होती, सोबत तिचा स्वतःचा प्रशिक्षक. रोशनीने तिला सरळ दोन सेटमध्ये हरवलं आणि मला येऊन म्हणाली, "बाई, भूक लागली."

त्याच हिवाळ्यात तिचं अंग दुखायला लागलं.

"बाई, हाडं ठणकतात."

"वाढीचं वय आहे. सगळ्यांचीच ठणकतात," मी म्हटलं आणि तिला मैदानाला आणखी चार फेऱ्या मारायला लावल्या. ती धावली. हे मला सांगायलाच हवं, कारण असं एकदाच घडलं नाही. ती अंग चोरते असं मला वाटायचं.

२०१८च्या राज्य स्पर्धेत उपांत्य सामना. पहिला सेट तिने जिंकलेला, दुसऱ्यात चार-एकने पुढे. सर्व्हिसला चेंडू उडवला आणि तो तसाच खाली पडू दिला. मग मांडी दाबत ती रेषेवर बसली. मी कुंपणाबाहेरून ओरडले, "ऊठ रोशनी, दोनच गेम राहिलेत!" ती खरंच उठली. दोन पावलं टाकली आणि कोसळली. पंचांनी दुसरीला विजयी घोषित केलं तेव्हा मी तिला उचलत होते. तिचे ओठ पांढरे पडले होते.

रक्त तपासलं. सिकलसेल. डॉक्टरांनी कागदावर विळ्यासारखी पेशी काढून दाखवली. "या पेशी नसांत अडकतात, म्हणून दुखतं. हे आईबापांकडून आलंय, दोघांकडून थोडं थोडं. रोज गोळी, भरपूर पाणी, थंडी टाळायची. आणि स्पर्धेचं टेनिस बंद."

लाडकी नवऱ्याकडे, हिरूकडे बघत राहिली. "आमी तं कधी आजारी नाय पडलो. मंग पोरीला कुठून दिला?"

डॉक्टरांनी पुन्हा समजावलं, तिने पुन्हा तेच विचारलं.

मी मुंबईला आणखी दोन डॉक्टर गाठले. चुकून कोणीतरी वेगळं बोलेल म्हणून. दोघांनीही तेच सांगितलं. दुसऱ्याने विचारलं, "दुखतं असं ती कधीपासून सांगत होती?" वर्षभरापासून, मी सांगितलं. त्याने लिहून घेतलं.

२०१९च्या जानेवारीत शाळेत पत्र आलं. २०१७च्या विजेतेपदावरून रोशनीची प्रशिक्षण शिबिरासाठी निवड झाली होती. मी पत्र घेऊन गंजाडला गेले. ती अंगणात गोधडी पांघरून उन्हाला बसली होती. तिने ते दोनदा वाचलं.

"थोडे दिवस जाऊन बघू?" मी म्हटलं. का म्हटलं, कळत नाही.

"नको बाई. तिथं पडले तर तुम्ही काय करणार?"

तिने वहीचं पान फाडलं, मांडीवर पाट ठेवला आणि अर्ज लिहायला घेतला. 'मी यापुढे खेळणार नाही', एवढं लिहून ती थांबली.

"कारण काय लिहू?"

"तब्येत लिही."

तिने लिहिलं, खाली सही केली. हिरूने आतून येऊन अंगठा उमटवला. मग तिने विचारलं, "माझ्या जागी राखीव मुलगी घेतील ना?"

"घेतील."

"मग आजच पाठवा. तिला तयारीला दिवस मिळतील."

मी कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. लाडकीने चहा आणला. आम्ही चौघं तो प्यायलो आणि मी डहाणूची जीप धरायला निघाले.