छापायला हरकत नाही

चर्चच्या छापखान्यात मी पुस्तकं शिवते आणि आमची एक बाई प्रुफं तपासते. सगळे तिला कानामात्रा बाई म्हणतात. एका वेलांटीसाठी अख्खा सोळा पानांचा फर्मा अडवून धरणारी बाई, घरी मात्र नवऱ्यापुढे तोंडातून ब्र काढत नसे.

तो तिला मारायचा. एकवीस वर्षं. छापखान्यात हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि सगळ्यांनी ठाऊक नसल्याचं सोंग घेतलं होतं. मीही त्यातलीच. ती लांब बाह्यांचं पोलकं घालून यायची, चष्मा पुसायची, कामाला लागायची. रडायची नाही. मला तर तिचा रागच यायचा. दगडालासुद्धा पाझर फुटतो हो!

आमच्या कादंबऱ्यांचा साचा ठरलेला. नवरा पितो, मारतो. बायको गुडघे टेकून प्रार्थना करते. शेवटच्या प्रकरणात त्याला उपरती होते. एकदा मी चिडून विचारलं, "तुमच्या घरी शेवटचं प्रकरण कधी लागायचं?"

"लागेल," ती म्हणाली. "मी रोज मागते."

आणि ती खरंच मागायची.

मग एक नवी कादंबरी आली. यात बायको मार खाऊन मरते, मरताना क्षमा करते आणि तिच्या कबरीपाशी नवरा बाप्तिस्मा घेतो. बाईंनी दोन दिवसांत सगळ्या चुका काढल्या. शेवटच्या पानाखाली 'छापायला हरकत नाही' असं लिहून सही करायची, की मशीन सुरू. तिसऱ्या दिवशी सही नाही. चौथ्याही दिवशी नाही. फादर स्वतः टेबलापाशी आले.

"बाई, घोडं कुठे अडलं?"

"शेवटाला. हिला मारू नका."

"अहो, तो तिच्या क्षमेचा विजय आहे! वाचून किती घरं सावरतील."

"माझं नाही सावरलं, फादर. सगळी वाचली मी."

 फादर हळूच म्हणाले, "धीर धरा. वधस्तंभाकडे बघा."

बाईंनी चष्मा काढला. आवाज शुद्धिपत्र वाचावं तसा सपाट. "प्रभूला त्याच्याच गावच्या लोकांनी कड्यावरून ढकलायला नेलं होतं. तेव्हा तो त्यांच्यामधून वाट काढून निघून गेला. लूकचं शुभवर्तमान, चौथा अध्याय. ते प्रूफ मीच तपासलंय. त्याची वेळ आली नव्हती, फादर. माझीही आली नाही."

बाईंनी पिशवी उचलली आणि मला विचारलं, "तुझ्याकडे एक खाट जास्तीची आहे ना?"

आहे म्हटलं. खाट पहिल्यापासून होती. बाईंनी कधी विचारलं नाही, मी कधी सांगितलं नाही. याची मला लाज वाटते.

नवरा दोनदा छापखान्याच्या फाटकाशी आला, मशीनवाल्याने त्याला हाकलून दिलं. बाई माझ्याकडेच राहतात. सकाळी अजून गुडघे टेकतात. आता काय मागतात, मी विचारत नाही.

पुस्तक मात्र निघालंच. सही फादरांनी केली, आणि दोन हजार प्रती मीच शिवल्या, पोटासाठी. बाई शेजारच्या टेबलाशी बसून बघत होत्या.

"हे वाचून कितीजणी शेवटच्या प्रकरणाची वाट बघत बसतील गं?" त्यांनी विचारलं.

मी सुई ओवत राहिले.